काकूंची ओट्सवाली खिरापत

ग्रॅनोलाचा डबा आमच्याकडे आठवडाभरसुद्धा टिकत नाही. त्याचे किस्से मात्र टिकतात, आणि वाढतातही. कोणी चहाला आलं की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळे सांगूनच टाकावेत.

आधी माणसं सांगते. जबलपूरला मदन महल भागात आमची तीन मजली बिल्डिंग. खाली मंदाकाकू, मधे मी आणि आमचे हे, वर वैशाली. हे फॅक्टरीतून रिटायर झालेले, तिथे माल तपासायचे. वैशाली बंगलोरच्या कंपनीचं काम घरून करते. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत पहिल्या दिवशीचे मोदक वर्षानुवर्षं काकूंचे असायचे. मग काकूंची बोटं आखडली. कळ्या पडेनात. गेल्या वर्षी मीटिंगमध्ये पाठक वहिनींनी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी, जाहीर करून टाकलं की मोदक यापुढे हलवाईकडून येतील आणि काकूंनी आता आराम करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या. घरी येऊन मात्र त्या माझ्यापाशी रडल्या.

"मोदक गेले त्याचं नाही गं सुनंदा. मला न विचारता गेले."

मला फार वाईट वाटलं. आणि वहिनींचा असा राग आला की विचारू नका!

*

त्यानंतर काही दिवसांनी वैशालीकडे कुरियरने ग्रॅनोलाचा एक छोटासा डबा आला. ओट्स, बदाम, काजू, भोपळ्याच्या बिया, सगळं मधात घोळून भाजलेलं. तिने काकूंच्या हातावर चमचाभर ठेवलं. काकूंनी डोळे मिटून चावलं, बराच वेळ चावलं आणि निकाल दिला.

"हा गोड चिवडा आहे. याच्यासाठी बंगलोरला काहून पैसे पाठवून राहिली?"

मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. यात वळायचं काही नव्हतं, कळ्या पाडायच्या नव्हत्या. त्याच दिवशी त्यांनी पाठक वहिनींना फोन केला आणि गणपतीतल्या एका संध्याकाळचा प्रसाद मागून घेतला. वहिनींनी मधली एक संध्याकाळ दिली, जेव्हा मांडवात आरतीपुरतीच माणसं असतात. वर म्हणाल्या, लोकांना आवडलं तर पुढच्या वर्षीचं बघू. आवडलं नाही तर काय, ते सांगायची गरज नव्हती.

*

पहिला घाणा काकूंच्या पद्धतीने झाला. मध बाद, त्याच्या जागी गूळ आणि तूप. इथवर ठीक होतं. पण काकूंचा हात संक्रांतीला तयार झालेला. गुळाचा पाक म्हटला की त्याचा थेंब पाण्यात टाकायचा आणि तो ताटलीवर ठण्ण वाजेपर्यंत गॅस बंद करायचा नाही. वैशाली म्हणत होती की फक्त वितळवायचाय. काकू म्हणाल्या, "कच्चा पाक मी कोणाला खाऊ घातला नाही आजवर."

थंड झाल्यावर ट्रे उलटा केला. ग्रॅनोला हलला नाही. ठोकला, तरी हलला नाही. शेवटी ह्यांना हातोडी घेऊन बोलावलं. ह्यांनी आधी बोटाने टिचकी मारून पाहिली, मग ट्रे उजेडात धरला.

"माल एक नंबर आहे," हे म्हणाले. "पण ट्रे आता वेगळा होणार नाही."

*

दुसऱ्या वेळी पाक जमला, पण नवं संकट आलं. ओव्हनमध्ये ट्रे गेला की त्याला हात लावायचा नसतो, तरच छान गठ्ठे धरतात. आता, ज्या बाईने जन्मभर रवा भाजला, चिवडा परतला, तिला आच चालू असताना नुसतं बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. काकू दर थोड्या वेळाने ओव्हन उघडून उलथनं फिरवत होत्या.

वैशाली काकुळतीला आली. "काकू, प्लीज, उसको छोड़ दो. अपने आप होऊन राहिलं आहे."

"अपने आप काही होत नसतं बेटा. खाली लागेल."

लागलं काहीच नाही, पण गठ्ठ्यांचा भुगा झाला. आम्ही तो दह्यात घालून खाल्ला.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. ट्रे आत गेला तसा काकूंना त्यांच्या नागपूरच्या बहिणीला फोन लावून दिला. ग्रॅनोला भाजला, थंड झाला, गठ्ठे धरून डब्यात गेला, तरी बहिणीच्या सुनेचा विषय संपला नव्हता.

*

तपासणीचं काम ह्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. चष्मा लावून बसायचे, वाटीतला नमुना चावायचे, मान हलवायचे. "या सॅम्पलवरून सांगता येत नाही. दुसरं द्या." दुसऱ्यात बदाम जास्त भाजलेले वाटायचे, म्हणून तिसरं. एका घाण्याची तपासणी इतकी कसून झाली की डबाच संपला.

नशीब, फॅक्टरीत हे जे तपासायचे ते खाण्याचं नव्हतं!

*

गणपती आले तसं मोठं सामान आणायला काकू आणि मी बाजारात गेलो. बदाम, काजू, खारीक, खसखस, सुकं खोबरं, शिवाय आपल्या इकडची चारोळी, जिला दुकानदार चिरौंजी म्हणतात. ढीग बघून दुकानदाराने विचारलं, "माताजी, घर में शादी है क्या?"

काकू गंभीरपणे म्हणाल्या, "गणपतीजी का काम है, भैया."

दुकानदाराने हात जोडले आणि मूठभर चिरौंजी वरून टाकली. काकूंनी पिशवी पुढे धरूनच ठेवली. त्याने आणखी एक मूठ टाकली. मग कुठे पिशवीचं तोंड बंद झालं.

*

आता खरी अडचण ऐका. प्रसादाच्या आदल्या दिवशी पाठक वहिनींचा फोन आला. ओट्स नैवेद्याला चालतात का, अशी शंका कोणीतरी काढली होती. हा कोणीतरी कोण, ते आम्हाला कळत होतं. काकूंचा चेहरा उतरला. आम्ही तिघी तडक मंडळाच्या गुरुजींकडे गेलो.

गुरुजींनी काय काय पडणार ते शांतपणे ऐकून घेतलं. खोबरं, खारीक, खसखस, बदाम, गूळ. म्हणाले, ही तर खिरापतच झाली, पंचखाद्य. मग ओट्सपाशी अडले.

"शास्त्रात ओट्सला हो म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "पण नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. करा."

निघताना मात्र त्यांनी आठवण करून दिली की नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही. काकूंना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी घरी आल्याबरोबर ह्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

तर तो सगळा ग्रॅनोला आम्ही चव न घेता केला. काकू वासावर पाक उतरवत होत्या, कान लावून बिया तडतडताना ऐकत होत्या. या वेळी बहिणीला फोन नको म्हणाल्या. ओव्हनसमोर हात मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि एकदाही उठल्या नाहीत.

डबे भरून झाल्यावर वैशाली माझ्या कानाशी आली. "ताई, मीठ मैंने डाल दिया था."

मीठ मीही घातलं होतं.

आता चाखून बघायची सोय नाही आणि काकूंना सांगायची हिंमत नाही. त्या नवी पैठणी नेसून तयार बसल्या होत्या. म्हणत होत्या, "आज चुकलं तर पुन्हा कोणी मला विचारणार नाही बरं."

*

आरती झाली. नैवेद्य दाखवला. काकू स्वतः टेबलामागे डाव घेऊन उभ्या राहिल्या, वैशाली आणि मी दोन बाजूंना. पहिले द्रोण लोकांनी जरा बिचकतच घेतले. कोणीतरी हे काय आहे म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "खिरापत. आजकालची."

मग चावण्याचा आवाज सुरू झाला. मी लोकांची तोंडं बघत होते. आणि मला दिसलं की पहिल्यांदा द्रोण घेऊन गेलेले एक रिटायर्ड साहेब पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलेत. त्यांच्यामागे त्यांची बायको. तिच्यामागे गुरुजी! दुहेरी मिठाने गुळाला अशी काही लज्जत आली होती की आता आम्ही प्रत्येक वेळी तेवढंच घालतो.

फोन गेले असणार, कारण आरतीला नसलेली माणसंही यायला लागली. रांग मांडवाबाहेर गेली. डबे भराभर रिकामे होत होते. तेव्हा पाठक वहिनी स्टेजवर चढल्या आणि माईकवरून म्हणाल्या, "कृपया शांतता राखा. ज्यांनी एकदा प्रसाद घेतला आहे त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहू नये."

माईक हातात घेऊनच त्या खाली उतरून आमच्या टेबलापाशी आल्या. तळहाताने झाकला की माईक बंद होतो, असा त्यांचा पक्का समज आहे. त्यांनी तो झाकला आणि काकूंच्या जवळ वाकल्या. पुढचं सगळं चारही स्पीकरांतून पार मदन महलच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेलं.

"काकू, पुढच्या वर्षी पहिला दिवस तुमचाच. पण माझ्यासाठी एक डबा बाजूला काढून ठेवा ना, कोणाला कळणार नाही."

सगळा मांडव टेबलाकडे वळून बघायला लागला. काकूंनी डाव भरला, समोरच्याच्या द्रोणात रिकामा केला आणि मान वर न करता म्हणाल्या,

"रांगेत या, वहिनी."