खिळ्यावरचं बनियन

भाऊ समोर आले की तुमच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. सरळ कॉलर धरायचे, उलटी करायचे, आतली शिवण दोन बोटांनी चाचपायचे आणि विचारायचे, "उलटं करून धुतलंस का?" कशी आहेस, पोरं काय करतात, हे सगळं त्यानंतर. नवीन माणूस दचकायचा. आम्ही गल्लीतले लोक मात्र ते दिसले की आपणहून मान पुढे करायचो.

माझं शिवणाचं दुकान आणि त्यांची छपाईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती; खोलीच्या मागेच त्यांचं घर. मी बनियन शिवायची, ते त्यांवर नावं आणि नंबर छापायचे. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. भिवंडीत लूमवर कापडाचे ढीग पडायचे, पण छातीवर आपल्या गावाचं नाव असलेला कपडा म्हटलं की पोरांचे डोळे चमकायचे. कबड्डीच्या टीम, क्रिकेटच्या टीम, गणपतीची मंडळं, सगळे आमच्या दोघांच्या दारात.

भाऊ मूळचे खारबावचे. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी बनियनवर ठेवायची आणि रबराने शाई ओढायची, हे काम ते दार अर्धं लावून करायचे. शेजारच्या कारखान्यातला कापसाचा भुगा उडत यायचा आणि ओल्या शाईवर बसायचा, त्याच्यावर त्यांचा फार राग. एकेक तंतू चिमटीने उचलताना पुटपुटायचे, ते काही इथे लिहिण्यासारखं नाही.

गठ्ठा न्यायला आलेल्या पोरांची सुटका मात्र लवकर नसायची. भाऊ गठ्ठ्यावर हात ठेवून सुरू व्हायचे. "अंगातून काढलं का लगेच भिजव. घाम सुकू देऊ नको, घाम कपडा खातो. गार पानी घ्याचं, चिमूटभर मीठ टाकाचं. उलटं करून धुवाचं, मुरगालून पिलाचं न्हाय, सावलीत सुकवाचं. आनि ठेवताना छापेवर छाप ठेवाची न्हाय, मधी कागद घालाचा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंस तं माज्याकडं येऊ नको!" पोरं हो हो म्हणायची आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांची नक्कल करायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू?

आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराने निवडणुकीला बनियनांवर स्वतःचं तोंड छापून घेतलं होतं. त्याच्या बायकोने थेट छापेवरूनच गरम इस्त्री फिरवली, आणि नवऱ्याचं तोंड इस्त्रीला चिकटलं. बिचारी तशीच इस्त्री घेऊन धावत आली. भाऊंनी इस्त्री हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "नाक चांगलं आलंय," म्हणाले. उमेदवार पडला. दोष इस्त्रीवर गेला.

त्यांना एकच पोरगा होता. कबड्डीत चढाई करायचा. पाठीवर पाच नंबर, भाऊंनीच छापलेला. बापाच्या अंगात जेवढी शिस्त, तेवढाच पोरगा मोकाट. मॅच झाली की घामाने चिंब झालेलं बनियन दाराजवळच्या खिळ्यावर, आणि हा बाहेर! यावरून बापलेकांची रोजची जुंपायची. आणि सांगते, बाप जितका जोरात ओरडायचा तितकाच त्याचा जीव होता त्या पोरात. ते न दिसायला आम्ही काय आंधळे होतो?

त्या संध्याकाळी मी शिवलेला गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेले होते. पोरगा दापोड्याची मॅच जिंकून आला, मातीने माखलेला. बनियन काढलं, खिळ्यावर टांगलं, अंगावर पाणी ओतून घेतलं आणि शर्ट चढवत दाराकडे निघाला. बाहेर मित्र स्कूटर चालू ठेवून उभा होता.

"आधी भिजव ते," भाऊ म्हणाले. "दुनियेला सांगून माजं तोंड दुखतं, नि घरातच कोन ऐकत न्हाय."

"आल्यावर धुतो ना, बाबा."

"तुजं आल्यावर मला म्हाईत हाय."

"धुतो म्हटलं ना! तुमी हात नका लावू. मीच धुनार."

राहनाळजवळ गोदामातून बाहेर पडणाऱ्या ट्रकखाली ती स्कूटर गेली. मित्र वाचला. हा जागच्या जागी गेला.

बनियन खिळ्यावरच होतं. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, ते काढून बादलीत घालायला घेतलं. भाऊ ओरडले, इतके की मी भिंतीपलीकडून धावत गेले.

"हात लावू नको! तो धुनार हाय. त्यानं सांगितलंय."

आम्हाला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. नाही ओसरला. काही दिवसांनी भाऊंनी स्वतःच बनियन खिळ्यावरून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. न धुतलेलं, घामाचं, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर भाऊंनी त्याला गल्लीभर फिरवून झापलं असतं.

"अहो, कुजेल ते!" मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना जगाला?"

"म्हाईत हाय."

"मग?"

"पिशवीत वास टिकतो, बाय."

रोज काम आटोपलं की ते पेटी उघडायचे, गाठ सोडायचे, पिशवीत तोंड घालायचे आणि पुन्हा गाठ मारायचे. वहिनी तेवढा वेळ चुलीपाशी पाठ करून बसायच्या. पोराची दुसरी वस्तू म्हणावी तर घरात उरलीच नव्हती. कपडे वाटून टाकले होते, फोटो एक शाळेचा, त्यातही चेहरा हललेला. राहिलं होतं ते हे बनियन, आणि ते दिवसेंदिवस खराब होत होतं. धुतलं तर वास जाणार, नाही धुतलं तर कपडाच जाणार. भाऊंना हे माझ्याहून चांगलं कळत होतं.

पावसाळ्यात वहिनी माझ्या दुकानात आल्या. मशीनजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू सांग त्यान्ला. कपडा ऱ्हायला तं नंबर तरी दिसंल डोल्याला. माजं ऐकत न्हाईत."

मी गेले आणि भांडले. हो, भांडलेच, सरळ बोलणं मला कधी जमलंच नाही. तुमच्यापुरतं बघता, त्या माऊलीचा काही विचार आहे का, असं तोंडावर म्हटलं. भाऊ उठले. बादलीत गार पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, हाताने ढवळलं. पेटीतून पिशवी काढली. गाठ सुटेना म्हणून दाताने सोडली.

बनियनवर काळे ठिपके पडले होते. पाठीवरचा पाच छातीवरच्या गावाच्या नावाला चिकटला होता. घडी घालताना मधे कागद घातलाच नव्हता. भाऊंनी नखाने हळूहळू सोडवायला घेतलं, तर अर्धा पाच निघून आला. त्यांनी बनियन नाकाशी नेलं.

"त्याचा न्हाय येत आता," ते म्हणाले. "बुरशीचा येतो."

"मग धुऊन टाका ना, भाऊ."

"धुतलं, नि तो आला, तं त्याला काय सांगू?"

वहिनी रडल्या. मीही रडले. भाऊंनी बादली उचलली आणि पाणी मोरीत ओतून दिलं. बनियन परत पिशवीत गेलं.

त्यानंतर त्यांनी कुणाची कॉलर धरली नाही. छपाई चालू होती, हात तसाच सफाईने चालायचा, पण गठ्ठा द्यायचे तो मुकाट्याने. नवी पोरं उन्हात सुकवायची, पिळायची, चुरगळून ठेवायची आणि छाप तडकली की तक्रार घेऊन यायची. भाऊ नुसते बघत राहायचे. शेवटी मीच सांगायला लागले, उलटं करून धुवा, मीठ टाका, सावलीत टाका. पोरं माझीही नक्कल करायला लागली. भिंतीपलीकडे भाऊंना ऐकू जायचं. एकदा तरी हसतील म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगायची. हसले नाहीत.

नव्वद सालानंतर ते खंगतच गेले. जेवण तुटलं, मग काम तुटलं. एका सकाळी वहिनींनी भिंतीवर हाताने थापा मारल्या आणि मला कळलं.

दारात त्यांना ठेवलं होतं. बायका बसल्या होत्या, पुरुष बांबू बांधत होते. उचलायची वेळ झाली तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या त्या हातात ती पिशवी घेऊन. गाठ सोडली तसा कुबट वास सुटला, जवळच्या बायकांनी पदर नाकाला लावला.

"अगं, मळकंच ठेवतेस त्यांच्यावर?" एक म्हातारी म्हणाली. "धुऊन तरी आणायचं."

"पोरगा धुनार हाय," वहिनी म्हणाल्या. "त्यानं सांगितलंय."

वहिनींनी बनियन झटकलं, दोन्ही हात आत घातले आणि ते उलटं केलं. छाप आतल्या अंगाला गेली. मग त्यांनी चादर बाजूला सारून ते भाऊंच्या छातीवर पसरलं. वर आलेली शिवण माझी होती. मी पुढे झाले आणि चादर नीट केली.