लीलाकाकूंचे आइस्क्रीमचे डबे

"सुहास, बघ! सगळ्या टाचण्या त्या बाईच्याच घराभोवती!" माझी बॉस लिंडा भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहून म्हणाली.

मी बर्मिंगहॅममध्ये एन्व्हायरन्मेंटल हेल्थ ऑफिसर होतो. म्हणजे लोकांना उलट्या-जुलाब कशाने झाले, ते दारोदार फिरून शोधायचं. आमच्या भागात सगळी व्हिक्टोरियन काळातली, एकमेकांना चिकटलेली लाल विटांची घरं. त्या काळी कॉलरा आला की डॉक्टर नकाशावर आजाऱ्यांच्या घरांवर खुणा करायचे. लिंडाचा त्या पद्धतीवर भारी जीव.

या वेळी गणपतीच्या आरतीनंतर हॉलमध्ये जेवलेली निम्मी मंडळी आडवी झाली होती. आणि 'ती बाई' म्हणजे आमच्या लीलाकाकू. स्वयंपाक त्यांचाच होता. विसर्जनाचाही त्याच करणार होत्या. लिंडा तो बंद करायला निघाली होती.

"आमचे सगळे लोक त्याच गल्लीत राहतात," मी वैतागून म्हटलं. "टाचण्या दुसरीकडे कुठे लागणार?"

पण पुरावा हवा ना! काकूंकडे गेलो, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"अरे, माझ्या हातचं खाऊन कोणी आजारी पडलंय का कधी?" मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात पदर खोचून म्हणाल्या, "घरोघर जातोच आहेस, तर माझे आइस्क्रीमचे डबे आण. उरलेला मसालेभात लोकांनी त्यांत भरून नेला, आता एक मेला डबा परत येत नाही!"

पहिल्याच घरच्या वहिनी रग लपेटून बसलेल्या. विचारलं, "हॉलमधून घरी काही आणलंत?"

"छे हो! आम्ही नाही बाई."

मागे ओट्यावर डबा. धुऊन पालथा घातलेला.

"मग हा?"

"अहो, रिकामा कसा द्यायचा? चिवडा करून देणारच होते."

ज्या घरी आजारी, त्या घरी डबा. ठणठणीत घरांत एकही नाही. भात रात्रभर ओट्यावर राहिला होता, कारण फ्रिज मोदकांनी भरलेला! असा भात बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. काकू सुटल्या.

लिंडाने एकच अट घातली: घरी काही न्यायचं नाही. बायकांनी उलट्या झाल्या तेव्हा केला नव्हता एवढा गहजब केला.

विसर्जनाला लिंडा स्वतः दारात पहाऱ्याला. काकूंनी तिला आग्रह करकरून वाढलं. निघताना तिचा कोट एका बाजूने फुगलेला.

"लिंडा, हे काय?"

"सरळ फ्रिजमध्ये जाणार आहे!" ती लाल होत म्हणाली. "त्यांना नाही कसं म्हणायचं?"

सोमवारी तिने काकूंना परत द्यायला डबा माझ्या हाती दिला. जड लागला. आत शॉर्टब्रेड, इथली लोण्याची बिस्किटं.

"रिकामा कसा द्यायचा?" लिंडा म्हणाली.

पुढच्या वर्षी आम्ही अट बदलली. डबा न्या, पण आधी फ्रिजमधले मोदक संपवा.