चहा यायच्या आत बोललेला भाव

दिवेआगरात माझ्या भिंतीला लागून एकाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि माझी झोप गेली. शनिवार आला की रात्रभर स्पीकर. सांगायला गेलो तर म्हणाला, "दादा, सीझन हाय. जरा कळ काढा." कळ मी काढायची, कमाई याने करायची.

मी मूळचा पोफळीवर चढून सुपारी पाडणारा. व्यापारी झालो तो तोंड बंद ठेवता येतं म्हणून. झाडावरचं पीक मक्त्याने घेताना वर बघत वाडीभर फिरायचं, घडांना नावं ठेवायची, चहा प्यायचा आणि भाव मालकाच्या तोंडून आधी काढायचा. आधी बोलला तो गेला.

ज्या वाडीत मी गडी म्हणून राबलो, ती यंदा पहिल्यांदाच मक्त्याने निघाली. मला ती हवीच होती. नफ्यासाठी नव्हे, जिथे वर चढलो, तिथे एकदा खाली उभं राहून सौदा करायचा होता.

रविवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी गेलो. मालकीण काकी चहा ठेवायला वळल्या आणि मी भाव बोलून मोकळा.

"इतक्यात?" काकी हसल्या. "आज पोफळींना शिव्यापण नाय घातल्यास."

एरवी मीही हसलो असतो. पण म्हणालो, "द्यायची नसेल तर सरळ सांगा. थट्टा नको."

"डोळे बघ आरशात. जा, झोप काढ. उद्या ये, तोवर कुणाला शब्द देत नाय."

घरी येऊन पडलो. पण शिणलेल्या डोक्याला 'आता पुरे' म्हणायचीही ताकद नसते. मनातल्या मनात शेजाऱ्याशी भांडत राहिलो. जितका भांडलो तितकी झोप लांब पळाली. दुसऱ्या दिवशी काकींच्या अंगणात उभ्या उभ्याच म्हणालो, "कालचा भाव विसरा, घाईत जास्त बोललो," आणि त्याहून कमी बोललो.

काकी सुपारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं. विसरले."

वाडी बोर्लीच्या व्यापाऱ्याकडे गेली. काकींवर माझा राग नाही. त्यांनी एक दिवस दिला होता. तो दिवस भिंतीपलीकडच्याने खाल्ला. आता सुपारीची पाडणी चालू आहे आणि तोच आपल्या पाहुण्यांना घेऊन ती बघायला जातो. ताजेतवाने उठलेले लोक माना वर करून फोटो काढतात.