पाठीतलं पाणी

दोघी बहिणींनी मिळून लॉन्ड्री चालवली आणि भांडतभांडतच म्हाताऱ्या झाल्या. "तुझ्या इस्त्रीपेक्षा तुझी जीभ गरम," असं धाकटी गिऱ्हाइकांदेखत म्हणायची. थोरली मग मुद्दाम तिच्याच साडीला सुरकुती ठेवायची.

पुढे धाकटीच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. "दिवसभर उभी असते, येणारच," म्हणत ती उडवून लावायची. शेवटी नवऱ्याने हट्टाने दवाखान्यात नेलं. पाठीच्या कण्यातलं पाणी सुईने काढून तपासलं. त्यात प्रथिनं पंचेचाळीसच्या आत हवीत, तिची निघाली अठ्ठावन्न. नसांना सूज आहे असं ठरलं आणि जालीम औषधं सुरू झाली. तिचं तोंड सुजलं, आजाराशी झुंजायची अंगातली ताकदच गेली. साध्या खोकल्याचा न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली.

काही वर्षांनी त्याच दवाखान्याला साठीपुढची धडधाकट माणसं हवी होती. निरोगी म्हाताऱ्यांच्या पाठीतलं पाणी कसं असतं, ते बघायचं होतं. थोरली आपणहून गेली. गुडघे पोटाशी घेऊन ती कुशीवर पडली आणि धाकटीही अशीच पडली असेल, या विचाराने तिला भरून आलं.

"दुखतंय का आजी?" नर्सने विचारलं.

"नाही गं, चालू दे तुझं."

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "ठणठणीत आहात. प्रथिनं एकसष्ट आहेत, पण या वयात ती वाढतातच. जुनी मर्यादा तरुण माणसांवरून ठरवलेली होती."

थोरली खुर्चीत पुढे सरकली. "माझ्या बहिणीची अठ्ठावन्न होती. तेवढ्यावरून औषधं दिली तिला."

"आणखीही काही दिसलं असेल त्यांना," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"आणि नसेल दिसलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद घडी करून तिच्या हातात दिला.

थोरली दुकानात परतली, तेव्हा धाकटीचा नवरा चादरींच्या घड्या घालत होता. "काय म्हणाले, ताई?"

"काय म्हणणार? घोडीसारखी आहे म्हणाले."

तो हसला, मग हातातली चादर बाजूला ठेवत म्हणाला, "हिला मी वेळेवर नेलं ना हो? तेवढंच एक समाधान आहे बघा."

थोरलीने तोंडाशी आलेलं गिळलं. "नेलंत की. तुम्ही काही कमी केलं नाहीत."

आपल्या एकसष्टाची गोष्ट तिने त्याला पुढेही कधी सांगितली नाही. त्या दिवशी मात्र तिच्या हातून एक पांढरा सदरा करपला.