दोन तासांवरची दिल्ली

मुलीसाठी स्थळ पाहताना आई एकच अट घालत असे: सकाळच्या पहिल्या एसटीने ओतूरहून निघून, लेकीला भेटून, दिवेलागणीच्या आत आपल्या चुलीपाशी परतता आले पाहिजे. म्हणूनच थोरली बहीण निरगुडसरला दिली होती. तिच्याकडून आई परतली की पदराला कोथिंबिरीचा आणि डिझेलचा मिळून एक वास येई.

नव्वदच्या दशकात माझ्यासाठी दिल्लीतल्या नोकरदाराचे स्थळ आले. बैठकीत पुरुष बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दिल्ली किती लांब, एवढेच तिने विचारले. धाकट्या काकांनी मांडीवर थाप मारली.

“वहिनी, इमानानं दोन तास! निरगुडसरला दोन एस्ट्या बदलून अडीच लागत्यात. मंग जवळ काय? दिल्ली!”

“मंग दुधाची किटली बी तिकडंच धाडा की राव,” एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले.

काकांनी विमान पाहिले होते ते शेतात उभे राहून, कपाळावर हात धरून. तरी त्यांचे दोन तास खरे होते, आणि म्हणूनच ते कोणाला खोडता आले नाहीत. सुपारी फुटली. आतल्या खोलीत मीही गप्प राहिले. स्वतःच्या त्या गप्प बसण्याचा राग आजही सर्वांत आधी येतो.

दिल्लीला मी रेल्वेने गेले. एक दिवस, एक रात्र आणि वर आणखी काही तास, जिभेवर लोखंडाची चव घेऊन. पुढची सात वर्षे विमान हा माझ्यासाठी गच्चीवरून जाणारा नुसता आवाज होता. आई एकदाही आली नाही. तिच्या अटीत त्याच दिवशी परतणेही होते.

मग एका जानेवारीत बहिणीचा फोन आला: “आईचं लई बिघडलंय. निघ.” नवऱ्याने पहिल्यांदाच विमानाचे तिकीट काढले. विमानतळाच्या काचेबाहेर धुके ओल्या कापसासारखे दाटले होते. सकाळचे विमान दुपारी उडाले. आकाशात दोनच तास लागले. मी घड्याळ पाहत होते. पुण्याहून जीप केली. नारायणगावपर्यंत रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी तुंबला होता.

पोहोचले तेव्हा अंगण धुतलेले होते. ओल्या शेणाचा थंड वास येत होता. अग्नी द्यायला लेकीसाठी कोणी थांबत नाही. काका ओट्यावर बसले होते.

“इमानानं आलीस ना पोरी? मंग दोन तासाला येवढा येळ?”

“मोजा काका,” मी म्हणाले. “घरापासून विमानतळ दीड तास. धुक्यात आठ. वर दोन. जीपमध्ये चार. आणि विमानाच्या तिकिटापर्यंत पोहोचायला सात वर्षं. मोजा ना! त्या दिवशी तर किती भराभर मोजलंत.”

ते खाली पाहू लागले. “आमाला काय ठावं व्हतं,” एवढेच पुटपुटले.

बहीण आतून आली. आईच्या तोंडात शेवटचे पाणी तिने घातले होते. तिने मला मिठीत घ्यायला हात पुढे केले, आणि मी, तिचा काडीचाही दोष नसताना, ते झिडकारून तिच्यापासून दूर उभी राहिले.