मोफत जोडणीचं अहिराणी भाषांतर

भडगावच्या स्टँडसमोर बॅनर लागला होता: 'घरोघरी इंटरनेट, जोडणी एकदम मोफत'. 'मोफत' हा शब्द म्हशीएवढा. त्याच्या शेपटाला एक बारकी चांदणी, आणि चांदणीचा खुलासा बॅनरच्या पार तळाशी, जिथे रसवंतीवाल्याने चिपाडं रचून ठेवली होती. मी वाकून चिपाडं बाजूला करायला लागले.

"ताई, रस पाहिजे का चिपाडं?" रसवंतीवाला म्हणाला.

"अटी पाहिजेत."

"त्या नाही ठेवत आपण."

मी धुळ्याला एका ग्राहक गटाची पत्रकं लिहिते. एका रंगाचा कागद, दोन्ही बाजूंनी मजकूर, आणि एकही अक्षर बारीक नाही, कारण आमची पत्रकं चष्मा घरी विसरलेल्या माणसांनी वाचायची असतात. त्यामुळे कुठे अक्षर बारीक झालं की माझं डोकं आपोआप तापतं. ज्या गोष्टी तोंडावर सांगायची लाज वाटते त्या लोक बारीक छापतात, असं माझं मत आहे आणि ते अजून कोणी खोडून काढलेलं नाही. चिपाडांखालची अक्षरं मात्र रसाने इतकी चिकट झाली होती की 'लागू' आणि 'वेगळे' एवढे दोनच शब्द वाचता आले. पुरेसे होते.

मी माहेरी आले होते ते वहिनीने बोलावलं म्हणून. तिला नोकरी लागली होती. लग्नानंतरची पहिलीच. पुण्याच्या एका कंपनीचं काम, घरी बसून करायचं: वेगवेगळ्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांना फोनवर डॉक्टरांच्या वेळा ठरवून द्यायच्या. अट एकच. मोबाइलचं नेट चालणार नाही, घरात तारेची जोडणी पाहिजे, आणि शनिवारी दुपारी कंपनी ती तपासणार. लाइन व्यवस्थित असली तर सोमवारपासून रुजू. नसली तर यादीत पुढची बाई.

आमच्या गल्लीपर्यंत तार आणणारी कंपनीही एकच होती. म्हशीएवढ्या 'मोफत'वाली.

"तुला कशाला बोलावलं माहितीये ना?" वहिनी म्हणाली. "तू नुसती बाजूला बस. तुला पाहिलं की लोक जरा नीट वागतात."

"मी काय पोलीस आहे का?"

"पोलिसांशी निदान मिटवता तरी येतं."

शुक्रवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. खांद्यावर तारेचं वेटोळं, कमरेला ड्रिल, स्वभावाने अगदी सालस. पिंपळनेरकडचा होता, कामासाठी इकडे राहत होता. त्याने खांबावरून तार ओढली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, वहिनीने दिलेला चहा घेतला, आणि मग मोबाइल काढून अगदी मऊ आवाजात वाचायला लागला. सक्रियता शुल्क. सुविधा शुल्क. उपकरण सुरक्षा ठेव. फायबर हाताळणी आकार. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. या सगळ्यावर कर.

बॅनरवरचा आकडा आणि हा आकडा, सख्खे सोडा, लांबचे पाहुणेसुद्धा लागत नव्हते.

आधी भिंतीला भोक, मग दर! हा क्रम मला चांगला माहीत आहे. तार घरात आली, चहा पिऊन झाला की माणूस नाही म्हणायला लाजतो, आणि धंदा त्या लाजेवर चालतो. मी उभी राहिले आणि सुरू झाले. ग्राहकाला पूर्वकल्पना न देता आकारलेलं शुल्क, दिशाभूल करणारी जाहिरात, माहितीचा हक्क, सगळं एका दमात. आमच्या गटात मी पाठ म्हणते तसं कोणी म्हणत नाही.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली. "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण सिस्टीममध्ये आहे."

"कोणी टाकलं सिस्टीममध्ये?"

"सिस्टीमनेच."

"मग मोफत काय आहे?"

"जोडणी मोफतच आहे ताई. हे बाकीचं आहे."

असं आम्ही तीनदा-चारदा फिरलो. मी कितीही मोठा शब्द वापरला तरी त्याच्याकडे त्याच मापाचा शब्द तयार होता, कारण दोघांचेही शब्द एकाच कपाटातले. शेवटी तो खिन्नपणे उठला आणि तार पुन्हा गुंडाळायला लागला.

वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "भरून टाकते मी."

"एक पैसा द्यायचा नाही! हे बेकायदेशीर आहे!"

"असेल. पण उद्या दुपारी तपासणी आहे. तुझं आंदोलन माझ्या नोकरीवर करू नकोस, नणंदबाई. दुसरीकडे कर, मी डबा देईन."

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. ती वर्षभर अर्ज करत होती, हे मला माहीत होतं. 'भर' म्हणायला जीभ उचलत नव्हती, 'नको' म्हणायचा मला अधिकार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे घोषणा नव्हती.

तेवढ्यात बाहेरून नानांचा आवाज आला. नाना म्हणजे माझे वडील. सगळा वेळ ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"काय म्हनी ऱ्हायना रे भो तू? माले काहीच समजनं नही. आपली बोलीमा सांग ना."

त्यात डाव वगैरे काही नव्हता. त्यांना खरंच समजलं नव्हतं. आणि तो माणूस, जो माझ्याशी कार्यालयाच्या मराठीत बोलत होता, नानांसमोर बसला आणि क्षणात घरच्या अहिराणीवर आला.

"नाना, पहिलं सक्रियता शुल्क. म्हंजे… चालू करानं."

"चालू करानं येगळं? मंग काय हाई तार कपडा वाळाडाले टांगी ऱ्हायना का तू?"

वहिनीने पदर तोंडावर धरला. त्याने घसा खाकरला.

"दुसरं सुविधा शुल्क. तुमले सोपं जावाले पाहिजे ना, त्यानं."

"मन्हं काय सोपं व्हयनं रे?"

तो विचार करत राहिला. खरंच विचार करत राहिला. मोबाइलकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. "काही नही व्हयनं नाना," तो म्हणाला.

"पुढे."

"ठेव. नेटनी डबी आमनी शे, तुमनाजोडे ऱ्हाई. परत दिधी का पैसा परत."

"हाई बराबर शे," नाना म्हणाले आणि त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. "पुढे."

"हाताळणी. म्हंजे तार धरानं."

"कोन धरस?"

"मीच."

"तुले पगार देतस ना?"

"देतस ना… पन कमी देतस."

"मंग आम्ही काबरं देऊत?"

आता तो स्वतःच हसायला लागला. शेंगदाणे तोंडात असल्यामुळे त्याला ठसका लागला, आणि मला त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं. ज्याच्याविरुद्ध मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा करत होते त्याच्यासाठी!

पण मला तेव्हा जे दिसलं ते कोणत्याही पत्रकात नव्हतं. त्या शुल्कांना आमच्या बोलीत नावंच नाहीत. 'सक्रियता' म्हणता येतं, पण 'चालू करायचे वेगळे पैसे' असं नानांच्या तोंडाकडे बघून म्हणायला गेलं की म्हणणाऱ्यालाच हसू येतं.

मग वहिनी पुढे झाली. नोकरीसाठी महिनाभर ती घरातही छापील मराठी बोलत होती; भाजीवालीलाही 'कृपया' म्हणायची. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

"भाऊ, बठ्ठं धरीसन कितलं?"

'बठ्ठं' म्हणजे सगळं. पण 'एकूण' नव्हे. 'एकूण'ला मागचं दार असतं. एकूणवर कर लागतो, एकूणमधून काही वगळलेलं असतं. बठ्ठं म्हणजे बठ्ठं. त्यानंतर कोणी हात पसरला तर तो खोटारडा ठरतो, आणि तेही गावात, आपल्या माणसांत. त्या माणसाला ते माझ्याहून जास्त कळत होतं. त्याने आकडा सांगितला नाही. त्याने साहेबाला फोन लावला.

साहेबाने सुरुवातीला तेच पाढे म्हटले. नानांनी फोन मागून घेतला, लांब धरला आणि ओरडले, "साहेब, कोठला शेत तुम्ही?"

पलीकडचा आवाज एकदम उतरला. "शिरपूरकडला."

"मंग बठ्ठं समजाडी सांगा ना आपली बोलीमा. पहिलं काय शे, सक्रियता?"

साहेब 'चालू करानं'पर्यंतच पोचले. नानांनी कपड्यांचं विचारलं. फोनमधून एक विचित्र आवाज आला. हसू दाबताना येतो तसा. मग साहेब म्हणाले की विशेष बाब म्हणून सक्रियता, सुविधा आणि हाताळणी काढून टाकतो. ठेव राहील, भाडं तीन महिन्यांचं द्या.

आनंद व्हायला हवा होता. मी भडकले. विशेष बाब? जे एका घराला काढता येतं ते लावलंच कशाला? समोरच्या शिलाईवालीने मागच्या आठवड्यात पूर्ण भरलं, तिच्या घरी नाना नाहीत म्हणून? मी फोन हिसकावणार, तेवढ्यात वहिनीने माझं मनगट धरलं.

"आधी तार जोडू दे. मग तुला जे करायचं ते कर, मी पण येते."

तार जोडली. डबीवर हिरवा दिवा लागला. मी पावतीवर सगळं लिहून मागितलं, आणि त्या माणसाने आकड्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बठ्ठे धरून'. कंपनीच्या शिक्क्याखाली. संध्याकाळी शिलाईवालीला घेऊन आम्ही दोघी कंपनीच्या दुकानात गेलो. तिची तक्रार लिहून घ्यायला त्यांना आमची तार जोडायला लागला तेवढाच वेळ लागला, म्हणजे बराच. पण पोच घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही. तिचा निकाल अजून लागलेला नाही. मी विचारायचं सोडलेलं नाही.

शनिवारी दुपारी तपासणी झाली. पडद्यावरचा वेगाचा काटा थरथरत वर गेला आणि तिथेच टिकला. पलीकडची बाई म्हणाली, "सोमवारी भेटू."

सोमवारी सकाळी वहिनी इस्त्रीची साडी नेसून, कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसली. घरात कुकर बंद, मिक्सर बंद. मी धुळ्याची बस दुपारवर ढकलली आणि दाराशी बसून राहिले. नानांनी ओट्यावर ठाण मांडलं होतं. भंगारवाला कोपऱ्यावरून आरोळी देत आला तसे ते चप्पल न घालता धावले आणि दोन्ही हातांनी त्याला थोपवलं.

"हळू, हळू रे भो!"

"कोनी आजारी शे का घरमा?" त्याने घाबरून विचारलं.

"नही रे. सून कामवर गई."

"मंग घरमा कोन शे?"

"सूनच शे," नाना कुजबुजले, आणि त्याची गाडी ढकलत त्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून आले.