मला, मले

दुपारी तापलेल्या कौलांखाली मुलींचा वाचनाचा सूर घुमत असे आणि त्यातला एकच आवाज शेवटच्या अक्षरावर हलकेच वळे. पुस्तकात ‘मला’, भागीच्या ओठांवर ‘मले’. बोट नेमके अक्षराखाली, नजर अचूक, तरी ‘मले’! पाटाचे पाणी उताराकडे वळावे, इतके ते सहज होते.

वडिलांची मेहकरच्या दवाखान्यात बदली झाली, तेव्हा मी नागपूरची इंग्रजी शाळा नुकतीच संपवली होती. माझे मराठी इस्त्रीच्या लुगड्यासारखे: स्वच्छ, घडीचे, चारचौघांत जाताना नेसायचे. बोलायचा संकोच वाटे, म्हणून मी ऐकत राही. मुलींच्या शाळेतल्या गोदाबाईंनी माझे ते ऐकणेच कामाला लावले. मुली कुठे अडखळतात ते मी टिपायचे, का ते मुलींनाच विचारायचे आणि मग सगळ्यांनी मिळून धडा नव्याने मांडायचा; आधी घरचा शब्द, मागून पुस्तकातला. ‘कापसाचे झाड’ आले तेव्हा भागी थांबलीच. “झाड लिंबाचं अस्ते, बाई. कापसाची तं पऱ्हाटी!” मागून कुणीतरी म्हणाले, “चढून पाह्य ना व त्या झाडावर!” आणि वर्ग हसून लोळला. त्या हसण्यात मीही होते. किती दिवसांनी!

पण भागीला शिक्षिका व्हायचे होते. अमरावतीच्या शिक्षिकांच्या शाळेत जागा मिळायची, तर परीक्षकांसमोर मोठ्याने वाचून दाखवायला हवे होते, आणि तिथे ‘मले’ म्हणजे सरळ चूक. गोदाबाईंना वाटे, भांडावे. ही चूक नव्हेच, ही मुलगी वाचलेले आपल्या घरच्या बोलीत घेऊन जाते, असे सांगावे. आम्ही भागीलाच विचारले. ती म्हणाली, “भांडू नका, बाई. मले जायचं हाये. तुमी मनसान तसं बोलीन.” मग रोज ती माझ्या तोंडाकडे पाहत ‘मला’ म्हणू लागली. मी आयुष्यात एवढी कधी बोलले नव्हते.

तिला जागा मिळाली. दिवाळीला ती आली, तेव्हा मी तिच्या घरी भेटायला गेले होते. चुलीपाशी टेकत ती म्हणाली, “आई, मला भाकर दे ना.” तिच्या मायचा हात परातीत थांबला. मग तिने उठून लेकीपुढे पाट मांडला, तांब्या ठेवला. “बसा बाई. पाहुण्यायले काऊन भुईवर बसवू?” सगळे हसले. भागीही हसली आणि लाडाने म्हणू लागली, “माय, मले...” पण तो शब्द आता सांभाळून उच्चारल्यासारखा आला. माय पुन्हा हसली नाही. मी खाली पाहिले. त्या घरात माझीच वाणी बोलत होती.

तिने मिळवले ते खोटे होते का? मुळीच नाही. तिच्या हाताखाली उद्या कितीतरी मुली शिकतील. पण घरच्या शब्दापासून पुस्तकापर्यंतची वाट आम्ही इतक्या मायेने आखली; तिथून चुलीपाशी परतायचे कसे, याचा धडा मात्र कुणालाच सुचला नाही.

अजूनही दुपारी त्या कौलांखालून सूर येतो. ‘मला’ सगळ्यांच्या तोंडून एकदम, नीट पडतो. मी खिडकीशी उभी राहते आणि शेवटच्या अक्षरापाशी श्वास रोखते, एखादा तरी आवाज वळेल म्हणून.